पाव तिकीट

पहाटे पाच पन्नासची जिंतूर–संभाजीनगर.
दर दुसऱ्या मंगळवारी ही ड्युटी मी मागून घेतो.
डेपोत कुणी विचारत नाही कामून.
कंट्रोलर रजिस्टरवर बोट ठेवतो,
मी सही करतो.

आधी करुणाताई चढते. थर्मास, चादर,
आणि फायलींची ती निळी पिशवी, पोटाशी धरलेली,
जशी पंधरा वर्षांमागं हिलाच धरून
दवाखान्यातून आली होती याच स्टँडवर.
मग संबोधी. तोंडाला मास्क, डोक्याला बापाचा मफलर,
मे महिन्यात.
"मामा, खिडकी माझी."
खिडकी तिचीच असते. मी रुमाल टाकून ठेवलेला असतो,
जे नियमात बसत नाही.

घरी अजून त्याला नाव नाही.
आई म्हणते, रक्त कमी झालंय पोरीचं.
दाजी म्हणतात, "ते".
आणि मी, दिवसभर माणसांना ओरडून विचारणारा,
कुठं जायचं, कुठं उतरायचं,
मी मुकाट मशीनवर 'महिला' दाबत आलो.
अर्धं तिकीट.
सवलतीच्या यादीत खाली अजून एक शब्द आहे.
अकरा वर्षांत तो कितीकांसाठी दाबला,
दाखला बघून, न बघून, चिल्लर परत देत.
बोट कधी अडलं नव्हतं.

मंठ्याच्या पुढं तिला मळमळतं.
वाटूर फाट्याच्या अलीकडं एकदा मुनीरभाईनं
न सांगता गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं.
चव्वेचाळीस सीट, बावन्न माणसं.
एकानं घड्याळ बघितलं, मग हात खिशात घातला.
बाभळीच्या बुडाशी ती ओकत होती,
ताई पाठ चोळत होती, मी बाटली धरून.
एक म्हातारी खाली उतरून आली,
काही बोलली नाही,
पदरानं वारं घालत उभी राहिली.
शेवटी संबोधीच म्हणाली, "चला, लेट होईल गाडी,"
जशी काही तीच कंडक्टर.

जालन्याला मोसंबी घेतो. जाड सालीचं चालतं, डॉक्टर म्हणाले.
मी सोलतो, ती बिया मोजते.
मोजायचं खूळच लागलंय आम्हा सगळ्यांना.
परवा प्लेटलेट अठरा हजार,
आणि रात्री डेपोत रोकड भरताना
माझ्या पिशवीतही अठरा हजार, वर काही.
नोटा हातात धरून तसाच बसलो.
कॅशियर म्हणाला, कमी भरल्या का?
म्हटलं, व्हय. लई कमी.

गेल्या मंगळवारी गाडी स्टँडातून निघाली तोच
ताईचा डोळा लागला होता.
संबोधीनं निळ्या पिशवीतून दाखला काढला,
प्लास्टिकमधला, माझ्यापुढं धरला,
जसा कुणीही प्रवासी धरतो.
"अर्धं कामून मामा? पाव लागतंय आपल्याला."
राहू दे ना गं, मी म्हटलं.
"ब्लड कॅन्सर," मास्क खाली करून ती नीट म्हणाली,
वर्गात हजेरी द्यावी तसं.
"दहावीत गेले मी. वाचता येतं मला.
आणि वाचलेले पैसे माझे."

मी बटन दाबलं.
मशीननं करकर करत कागद बाहेर टाकला, नेहमीसारखाच.
तिनं तो फाडून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला,
हात पुढं केला.
सुटे नव्हते. खरंच नव्हते.
तिकिटाच्या पाठीवर लिहून दिलं, पासष्ट रुपये देणे,
खाली माझी सही.
कंपासपेटीत ठेवलं तिनं ते, करकटकाखाली.

हॉस्पिटलच्या फाटकाशी उतरताना
मी नोटा काढून धरल्या.
पायरीवर थांबून तिनं मफलर सारखा केला.
"आत्ता नको," म्हणाली, "तुझ्याकडंच राहू दे देणं.
पुढच्या खेपेला मागते."
मागं रिक्षावाले हॉर्न वाजवत होते.
मुनीरभाई आरशात बघत होता,
गाडी काही हलवत नव्हता.