अलेज

ऑगस्टात सितऱ्याच्या धक्क्यावर
पहाटे चारलाही जहाजाचं रेलिंग
हाताला कोमट लागतं.
हॅचचं झाकण फिरवायचं,
वारा एका अंगाने घेऊन उभं राहायचं
आणि पट्टीच्या टोकाचं पितळी वजन
सोडत जायचं आत,
तेलाला टेकेपर्यंत.
टेकलं, की आकडा वाचायचा.

अकरा वर्षं मी मोजतोय ते हेच :
तेल किती नाही.
किती आहे, ते तक्ता सांगतो वजाबाकी करून.
माझ्या वाट्याला वरचं रिकामं,
झाकणापासून तेलाच्या पाठीपर्यंतचं.
त्याला अलेज म्हणतात.

पहिल्या अहवालात मी एकच एल लिहिला होता.
रोहेलियोने लाल पेनाने दुसरा घुसडला
आणि चहा फुंकत उच्चारही सुधारला,
यू लिहायचं, अ म्हणायचं.
मी मान हलवली.
मनात म्हटलं, उणे-वरूनच आला असणार,
हा उ आपल्याकडचा दिसतोय.

नव्हता.

शाल्मली सहावीत. शाळेत स्पेलिंगची स्पर्धा.
शुक्रवारी फोनवर म्हणाली,
बाबा, कोणालाच येणार नाही असा एक शब्द दे.
दिला.
पलीकडे पेन्सिल थोडा वेळ चालली, थांबली.
सोपाय की!
व्हिलेजमधलं व्ही-आय काढायचं
आणि यू लावायचा.

मी कँपच्या जिन्यात उभा होतो.
खालच्या नळावर कोणीतरी तांदूळ धूत होतं.
मधेच रेंज गेली असं तिला वाटलं,
हॅलो, हॅलो करत राहिली.

अर्थ काय पण?
टाकी भरताना वर सोडलेली जागा.
का सोडायची?
ऊन लागलं की तेल फुगतं.
शिगोशीग भरलं तर सांडेल, फाटेल काहीतरी.
म्हणजे मुद्दाम कमी भरायचं?
मुद्दाम. शंभरात दोन.
यावर ती काही बोलली नाही. आईकडे फोन दिला.
आईने विचारलं, सगळं बरं ना?
म्हटलं, बरंय.

पुढच्या शुक्रवारी तिच्याकडे पूर्ण कुळकथा.
खरवंडीकर सरांनी जाडा शब्दकोश काढला होता म्हणे.
जुन्या फ्रान्सात पिपाच्या भोकाला
डोळा म्हणत,
आणि डोळ्यापर्यंत पीप भरण्यावरून हा शब्द.
भरण्यावरून, बाबा! आणि अर्थ बघ काय झाला.
त्या डोळ्याच्या मागे लॅटिन ऑक्युलस,
आणि सरांनी फळ्यावर शेजारी लिहिलं अक्षि.
एकाच मुळाचे दोघे.
गवाक्षातला तो अक्ष पण त्यांच्याच भावकीतला.

त्या रात्री पालशेतचा बाजार आठवला.
आई नारळ कानाशी धरून हलवायची,
वाजला तरच घ्यायची.
शहाळं वाजत नाही, ते तुडुंब असतं.
जून झालेल्यालाच आत जागा होते
आणि पाणी हिंदकळतं.
घरी शेंडी सोलली की खाली तीन डोळे,
त्यातला एक मऊ.
तिथे सुईचं टोक खुपसून मी पाणी प्यायचो,
उरलेल्या दोघांकडे न बघता.

म्हणजे शब्द नव्हता आमच्याकडे,
वस्तू होती. डोळ्यासकट.

स्पर्धेत ती तिसऱ्या फेरीला बाद झाली.
अलेज कोणी विचारलाच नाही.
कोणता शब्द चुकला, ते सांगत नाही.
नुसतं म्हणते, होता एक.
पूर्वी सगळं सांगायची,
दप्तरात काय सांडलं इथपर्यंत.
मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा नाही विचारलं.

आज सात नंबरच्या टाकीवर
रोहेलियो दिवा धरून उभा होता.
पट्टी वर आली, ओली, काळी.
फडक्याने पुसून आकडा वाचला,
तापमान वाचलं,
आणि कागद मांडीवर ठेवून
रकान्याच्या डोक्यावर शब्द लिहिला,
दोन एल.