सेम बोट

पहिली पाळी सुटली की अंबडच्या कॅन्टीनात
तासभर इंग्रजी.
टेबलावर उसळीचा डाग, फळ्यावर
शरणपूरच्या शेरॉन मॅडमचं गोल अक्षर.
आम्ही उतरवून घेतो, आपल्याच लिपीत:
वी आर ऑल इन द सेम बोट.

अर्थ? मॅडम विचारतात.
निंबा पगार म्हणतो, सगळ्यांचं बोट सारखं.
हशा.
पुंजाराम गांगुर्डे मात्र हात वर करतो,
प्रेस शॉप, एकवीस वर्षं,
करंगळीशेजारी नुसती जागा.
पाची बोटं सारखी नसतात म्हणतात, मॅडम.
आमची तर पाचही नाहीत.

मॅडम जरा थांबतात.
मग फळ्यावर नाव काढतात, वल्ह्यांसकट,
आठ ठिपके म्हणजे आम्ही.
गोदेला पूर आलाय समजा, म्हणतात,
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी.
मी ठिपके मोजले.
सुकाणूवर कोणीच नव्हतं.

शनिवारी पुण्याहून साहेब आले.
ओव्हरटाइम बंद,
इन्सेंटिव्हचं पुढच्या तिमाहीत बघू.
आणि शेवटी तेच वाक्य, फळ्यावरचं.
या वेळी अर्थ लगेच कळला.
कोणी हसलं नाही.
सगळे पुंजारामच्या हाताकडे बघत होतो,
त्याने तो खिशात घातला.

साहेबांची गाडी गेटबाहेर पडली
तेव्हा डाय बदलायची राहिलीच होती,
चारशे किलो.
निंबाने साखळी धरली,
मी पहार.
पुंजाराम वाकला, खाचेत बघितलं,
हात खिशातून काढला
आणि नुसत्या डोळ्यानं म्हणाला,
आत्ता.