इतरे

एकसंब्याच्या कन्नड शाळेत
फळ्यावर अजून जुलैतला सुविचार होता
आणि त्याच्याखाली एकशे चौऱ्याऐंशी माणसं.

दूधगंगेचं पाणी पाराच्या तिसऱ्या पायरीला लागलं
तेव्हा मी रजिस्टर पोटाशी बांधलं, साडीच्या आत:
लसीचं, बाळंतपणाचं, बीपी-साखरेचं.
डबीतले दागिने राहिले म्हणून
नवरा दोन दिवस बोलला नाही.

तालुक्याहून फॉर्म आला.
तांदूळ किती क्विंटल. चादरी किती. बिस्किटं किती पेट्या.
सगळ्यात शेवटी बोटभर रुंद रकाना:
'इतरे'.
आपल्या इतरला एक मात्रा जास्त.
मी मराठी शाळेत शिकलेली,
कन्नड अक्षरं अजून एकेक करून लावते,
पण एवढा शब्द आला वाचता.

मेहबूब जमादार, एकसष्ट, इन्सुलिन:
दोन बाटल्या, मडक्यात, ओल्या वाळूत.
मडकं उशाशी. रात्री उठून ते हात लावून बघतात,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
लगमव्वा: आठवा महिना.
संडास मैदानापलीकडं, दिवा नाही,
म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलंय.
सातवीतल्या तिघी. नावं लिहू नका म्हणाल्या.
कपडा वाळवायला ऊन नाही, आडोसा तर नाहीच.
यल्लाप्पा कांबळेची कवळी गेली पाण्यात
आणि मदत म्हणून आलेत पोतंभर फुटाणे.

चंपाबाई उपाध्ये सूर्य बुडाल्यावर जेवत नाहीत.
जेवणाची गाडी येते रात्री नवाला,
बटाट्याची भाजी घेऊन.
तीन दिवस झाले.
त्या काही मागत नाहीत.
दुहेरी फडक्यातून पाणी गाळतात, उकळतात,
झाकून ठेवतात,
आणि आता त्यांच्या चुलीभोवती आठ घरांच्या घागरी असतात.
क्लोरीनचं पाणी वास येतो म्हणून लोक ओतून देत होते,
मी समजावून समजावून घसा बसवून घेतला होता.

रकाना संपला. मी समासात गेले,
समासातून मागच्या पानावर.
परसू: म्हशी सोडवायला तीनदा पाण्यात,
टाचेला चीर, ताप, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात.
दवाखान्यात आजच.
'आजच'खाली दोन रेघा.

इराण्णा, तालुक्याचा कारकून, फॉर्म न्यायला आला.
उलटा केला, सुलटा केला.
'अक्का, मराठी ओदाक बरंगिल्ल.'
वाचता येत नाही म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहितो.

पत्र्यावर पाऊस असा,
की ओरडल्याशिवाय कानाला लागेना.
इन्सुलिन ओरडून सांगितलं.
फुटाणे ओरडून सांगितले, तेव्हा यल्लाप्पाच हसला, बोळका.
त्या तिघींपाशी आले आणि माझा आवाज गेला.
माझ्या कन्नडमध्ये ते शब्दच नव्हते,
बाजारातले होते, मोजायचे, भाव करायचे.
तिघी माझ्याकडं बघत होत्या.
इराण्णाही बघत होता, मग बघायचा थांबला.
पेन खिशाला लावलं,
अंगातला रेनकोट काढला
आणि दोन खिडक्यांच्या गजांमध्ये, कोपऱ्यात,
दोरीवर टाकला.
त्याच्या घरीही कुणी असेल सातवीतलं.
विचारलं नाही.

परसूला त्याच जीपमध्ये चिकोडीला नेलं.
अजून काही कळलं नाही.

परवा जेवण साडेपाचला आलं, बटाटा सोडून.
काल दोन कापडी पडदे, एक बल्ब, पॅडची एक पेटी.
इन्सुलिन आलं, बर्फ नाही आला, मडकं चालू आहे.
आणि पुन्हा फुटाणे.
नव्या फॉर्मवर 'इतरे' तेवढंच, बोटभर.

रजिस्टर वाळत घातलंय, पानं फुगलीत,
काही अक्षरं पलीकडच्या पानाला चिकटून उलटी उमटलीत.
लगमव्वा आज बल्बच्या उजेडात जाऊन आली
आणि दोन तांबे पाणी प्याली.
याला रकाना नाही.
लिहून ठेवलं.