जसे आहे, जेथे आहे

राजवाडा चौकात, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर
एकवीस वर्षं मी दस्त टाइप करतो.
'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे'
हे वाक्य बोटांना पाठ आहे, डोळे मिटूनही येतं.
किती जणांच्या नावाखाली उमटवलं
आणि चहाचा घोट घेऊन पुढच्या पानाला लागलो.

मग एका मार्चमध्ये ते माझ्याच नावाखाली आलं.
शामरावनगर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची.
बँकेचा लिलाव, तिसऱ्यांदा लावलेला,
बोलीला मी एकटा.
नऊ लाख ऐंशी हजार.
पद्मजा म्हणाली, एवढं स्वस्त का, विचारलं का कुणाला?
मी म्हटलं, नशीब काय विचारून येतं?

घरपट्टी सहा वर्षांची, शास्तीसकट.
मीटर मंडळानं काढून नेलेला,
आधीच्याची बाकी भरल्याशिवाय नवा नाही.
कुलूप तोडणारा. ताबा द्यायला आलेल्या पाचजणांचा नाष्टा.
भिंतीतल्या वायरी तांब्यासाठी कुणी उपसलेल्या,
बोअरची मोटार नव्हतीच,
तिच्या जागी चार बोल्ट, गंजलेले, कुणाची तरी वाट बघत.

रंगवाल्यानं खरवडायला घेतलं
तर छातीएवढ्या उंचीवर एक मातकट रेघ,
सगळ्या खोल्यांतून एकाच मापाची.
"ही जात नसती," तो म्हणाला, "वरनं मारूया."
मारलं. दोन हात.
पावसाळ्यात ती परत वर आली.

खर्च मी एका वहीत मांडत होतो.
साडेतेरा लाखांवर पद्मजानं वही मिटली
आणि फडताळात डाळीच्या डब्यामागं टाकली.

वहीत न बसलेलंही काही होतं.
फरशी पुसली की बादलीतलं पाणी पिवळं.
पहिल्या आठवड्यात, पहिल्या महिन्यात, दिवाळीतही.
आधीच्याची हळद दळायची चक्की होती इथंच, पुढच्या खोलीत,
सांध्यासांध्यांत बसलीय.
संक्रांतीला शेजारणीनं वाण दिलं, पण उंबऱ्याबाहेरून.
आत ये म्हटलं तर म्हणाली,
"बघितलंय की आतलं सगळं."

श्रावणात संडास तुंबला.
दस्तगीर प्लंबरनं तीन ठिकाणी फरशी फोडली,
चेंबर काही सापडेना.
नकाशा? नकाशात चेंबर नव्हतं.
बँकेत फोन केला, साहेब हसले:
"अहो, तुम्हीच टाइप करता ना, जसे आहे तसे?"

शेवटी मी नंबर शोधला.
आदगोंडा चौगुले. कवलापूरच्या पुढं
एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर रात्रपाळी.
शिव्या देईल, पैसे मागेल,
मी दोन्हीची तयारी ठेवली होती.

तो दुपारी सायकलवर आला.
दार दाखवावं लागलं नाही.
सरळ मागच्या अंगणात, फोडलेल्या खड्ड्यांकडं न बघता,
भिंतीपासून चार पावलं, मग डावीकडं एक,
आणि टाच आपटली.
"हितं हाय. पोरगं पडलं होतं एकदा आत,
म्हणून वरनं फरशी घातली."

दस्तगीरनं छिन्नी लावली. होतंच.

पाचशेची नोट मी पुढं केली.
त्यानं ती बघितली, जशी बिनपत्त्याची चिठ्ठी बघावी.
चहा नको म्हणाला, ड्यूटीय.
निघताना भिंतीकडं बघून एवढंच:
"औंदा पाणी कुठवर आलं?"
"उंबऱ्याला लागलं."
"मग बरंय."

दाराबाहेर पाय धुवायला म्हणून
तो डाव्या हाताला वाकला,
हात पुढं करून हवेतच फिरवला,
जिथं नळ होता पूर्वी.
आम्ही तो गेल्या वर्षी पलीकडं घेतलाय,
प्लंबरचे अकराशे, वहीत आहेत.

मी सांगणार होतो, इकडं आहे, या.
तोवर त्यानं हात पँटला पुसला
आणि सायकल काढली.