पाच हजारांच्या आत

पाच हजारांच्या आतल्या व्हाउचरला
पावतीचं तिकीट लागत नाही.
कळंबच्या या कॉलेजात एकोणीस वर्षं कॅशियर आहे,
ड्रॉवरात तिकिटांचं पान असतं,
खेळाच्या खात्यासाठी त्यातलं एकही
अजून फाडलेलं नाही.

शिवकन्या घुटे, बी.ए. दुसरं वर्ष, खो-खो.
विद्यापीठाच्या संघातून राजस्थानला जाऊन आली.
सहा दिवसांचा भत्ता, दिवसाला दीडशे,
वजा ट्रॅकसूटचे चारशे,
बाकी पाचशे.
अक्षर माझंच.

खिडकीशी उभी राहिली
डावा गुडघा जरा अलगद धरून.
खांबावर सूर मारताना गेलेला;
वर हळद, हळदीवर सॉक्स ओढलेला.
लातूरच्या एमआरआयचं बिल पुढं सरकवलं.
मी म्हणलं, बाई, याला हेड नाही,
क्रीडा संचालकाकडं जा.
संचालक म्हणले, प्राचार्यांकडं.
प्राचार्य म्हणले, विद्यापीठाला लिहू.
फिरून खिडकीशी आली ती हसतच.
"सर, आमच्यात खो दिला की
देणारा बसतो अन् बसलेला उठून पळतो.
इथं तर देणाराबी बसलेला,
घेणाराबी बसलेलाच."

मग नोटा मोजता मोजता, सहज,
"स्टँडसमोर प्रवेश सुरूचा फ्लेक्स लागलाय,
माझं तोंड हाय त्याच्यावर.
त्याला किती लागले असतील?"

आकडा मला पाठ होता.
तीस बाय वीस, फुटाला बारा,
सात हजार दोनशे, बांबू वेगळे.
सालेह चाऊस पावती घेऊन आला तेव्हा
मीच तिकीट जिभेवर ओलं करून चिकटवलं होतं,
त्याची सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर.

मी म्हणलं, असतील दोन-तीन हजार.

"बरं," म्हणली.
पाचशेची घडी केली, ओळखपत्राच्या मागं सरकवली,
आणि जिना उतरायला लागली,
एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
अंतिम सामन्यात साडेतीन मिनिटं
कुणाच्या हाताला लागली नव्हती
असं पेपरात आलं होतं. कात्रण माझ्याच
टेबलाच्या काचेखाली आहे.

संध्याकाळी घरी जाताना स्टँडसमोर
गाडी जरा हळू केली.
वाऱ्यानं फ्लेक्सचं एक टोक सुटलं होतं, फडफडत होतं.
तिचा हात वर, तोंड उघडं, ओरडताना.
फोटो कमरेपर्यंतच आहे.
गुडघे छापलेले नाहीत.
तेवढे फूट वाचले.