काळी चार

गुंडू हेरवाडकरचा गळा काळी चारला लागायचा.
बाप्या माणसाचा गळा, आणि काळी चार!
शुक्रवार पेठेत तो सकाळी नुसता आकार लावायला बसला
तरी तालमीतले गडी लंगोट आवळता आवळता थांबायचे.
मालक म्हणाले, ह्याला राजपुत्र करा.

केला.
पहिल्याच खेळात, तिसऱ्या अंकात,
राजकन्येच्या सज्जाखाली उभं राहून
त्यानं वरचा सा धरला
आणि मिशीची डावी बाजू सुटली.
डिंक ओला होता.
मिशी ओठावरून हनुवटीवर, हनुवटीवरून उपरण्यावर,
आणि हा शहाणा सूर सोडेना,
मिशीकडे तिरका बघत राहिला.
पिटातून हशा उठला तो म्हणे बिंदू चौकात ऐकू गेला.
वन्स मोअर!
मालकांनी त्याच रात्री वहीत लिहिलं :
राजपुत्र बदलणे. हेरवाडकर विनोदी.
पगार तीन रुपयांनी वाढला.

मग बावीस वर्षं
भित्रा कोतवाल, बहिरा सावकार, लग्नाळू शास्त्रीबुवा.
प्रत्येकाच्या तोंडी एक तरी खरं पद,
आणि ते हसवता हसवता असं काही लावायचा
की बायकांच्या गॅलरीत विंझणे थांबायचे.
तेवढ्यात स्वतःच शिंकायचा.
मुद्दाम.
विचारलं एकदा, तर म्हणाला,
"गप्प झालेली माणसं पुढं काय करतील
सांगता येत न्हाई गड्या."

मी पायपेटीवर.
विंगेतून मला त्याच्या मानेची शीर दिसायची.
ज्या साली पंचगंगेचं पाणी गंगावेशीत शिरलं
त्या साली ती शीर पहिल्यांदा जास्त फुगली.
दुसऱ्या रात्री मी पांढरी पाच धरली.
कुणाला बोललो नाही.
अर्धा सूर खाली यायला आवाज होत नाही.
तीन वर्षांनी काळी तीन.
पांढरी चार निपाणीच्या मुक्कामात,
माझ्याच सर्दीचं निमित्त करून, जसं काही पेटी नाकानं वाजते.
मग पांढरी तीन.
मुजावर तबलजी मुकाट्यानं तबला बदलायचा,
माझ्याकडे बघायचा नाही.
आणि लोक तसेच हसत होते,
सावकाराला कमी ऐकू येतं ह्यावर,
पेटीवर आमचं काय चाललंय ते सोडून.

बोलपट आला.
मंडळीचा राजवाड्याचा पडदा लिलावात
शाहूपुरीच्या अडत्यानं घेतला, गुळाच्या ढेपांवर टाकायला.
गुंडूला स्टुडिओत काम लागलं,
मुक्या माळ्याचं.
बोलपटात मुका! तो इतका मोठ्यानं हसला
की शॉट परत घ्यावा लागला.
चार आणे कापले.

त्यानंतरची ही रात्र.
गंगावेशीत दूधकट्ट्यावर आम्ही दोघं,
म्हशी रवंथ करत, कंदिलाभोवती चिलटं.
"कुठल्या पट्टीत संपलो रं मी?"
"काळी चार," मी म्हणालो.
तो म्हशीच्या शेपटीकडे बघत राहिला.
"खोटं वाजवताना तुझा डावा पाय अडतोय.
भात्याला कळायचं,
मला कळत नसंल व्हय?"

मी काय बोलणार.
गवळ्यानं चरवी गुडघ्यात धरली,
धार पडू लागली, आधी खर्जात,
मग भांडं भरत गेलं तशी वर.
तो कान देऊन बसला.
"पांढरी तीन... पांढरी चार... आली बघ, काळी तीन..."
"काय मोजताय काका?" गवळी म्हणाला. "शेरभरच हाय."

पेला तोंडाला लावला.
खाली घेतला तेव्हा ओठावर फेसाची मिशी,
जाडजूड, राजपुत्राला शोभेल अशी.
डावी बाजू हळूहळू हनुवटीकडे आली.

मी हसलो नाही.
तो शिंकला नाही.