हातचा

विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
फरशीवर चार पुस्तकं मांडून बसलेय
पोरीला स्थळं बघावीत तशी.

पहिलं गुळगुळीत, कुरिअरनं आलेलं.
त्यात बर्फाचे बाहुले मोजायचे
आणि एका पायचे आठ सारखे तुकडे करायचे.
पार्श्व कितीतरी वेळ
स्वतःच्या पायाकडे बघत राहिला.

दुसऱ्यात पानावर तीनच गणितं,
आणि तिन्हींना हसरे चेहरे.

तिसरं म्हणतं, बासष्ट म्हणू नका, साठ दोन म्हणा.
मला पटतंय, खरं सांगायचं तर.
एकोणसाठ पन्नाशीतलं की साठीतलं
यातच माझी चौथी गेली.
पण मामंजींनी चाळीस वर्षं हळदीचे सौदे केले
टॉवेलाखाली बोटं धरून, तोंडातून आकडा न काढता.
ते आर्जवीला अडीचकी शिकवतात, तिचा तळवा दाबून.
ती कुठल्या पुस्तकात बसवू?

चौथं मीच लिहायला घेतलंय.
पहिल्या पानावर नुसतं नाव आहे.

त्रिशलाताईंचा फोन : "शाळेतून काढलंस
तेव्हाच विचार करायचा होतास."
त्या एमेस्सी. त्यांचं उत्तर आधी येतं, रीत नंतर.
सतराचा पाढा अडला म्हणून
आर्जवीला दोन तास फळ्याशी उभं केलं होतं,
ते मी पुन्हा सांगितलं नाही.
मला दहावीला दीडशेपैकी त्रेपन्न.
काठावर.

काठावरच नेते मग पोरांना, सरकारी घाटावर.
उन्हाळ्यात पार्श्वनं पायऱ्या मोजल्या होत्या, सत्तावन्न.
आज कृष्णा वर आलीय. दिसतात एकोणीस.
तो बोटं मिटतो, उघडतो, माझीही बोटं घेतो उसनी,
म्हणतो, "अडतीस पोहायला गेल्यात."
त्या हसऱ्या पुस्तकात
हे प्रकरण सातवं आहे.

येताना गणपती पेठेत, रद्दीच्या दुकानात,
मी वर्तमानपत्रं तोलून घेत होते,
आर्जवी ढिगाऱ्यात बसली ती उठेना.
हातात जुनं अंकगणित, कव्हर गेलेलं.
आत निळ्या शाईत :
कु. शकुंतला बा. आवटी, पाचवी ब, हजेरी क्रमांक एकतीस.
पानापानाला पेन्सिलीची गणितं.
"आई, हिनं हातचा घेतलाय
आणि द्यायला विसरलीय.
इथंपण. इथंपण. हे बघ, इथंपण."

बारा पानं तीच चूक.
त्यावर लाल फुल्या, ठसठशीत, कागद फाटेल अशा.
कुठं चुकलं ते कुणीच लिहिलेलं नाही.

रद्दीवाल्यानं पुस्तक तागडीत टाकलं,
बारा रुपये म्हणाला.
पार्श्व रिक्षात विचारत होता,
ती आता मोठी झाली असेल ना?
मग सुट्टे पैसे कसे मोजत असेल?

घरी येऊन आर्जवी कोपऱ्यात बसली.
जेवायला तीनदा हाक मारली.
प्रत्येक फुलीशेजारी बारीक अक्षरात
ती लिहीत होती : इथे.
एवढंच. इथे.

चारही पुस्तकं कॉटखाली सरकवलीत.
कायमची का, माहीत नाही. उद्या विचार बदलेल,
कुरिअरचे पैसे तर गेलेतच.

आता सगळी झोपलीत.
मी शकुंतलाचं चौतिसावं पान काढलंय.
सातशे तीन वजा दोनशे अठ्ठेचाळीस.
तीनातून आठ जात नाहीत,
शेजारी मागायला जावं तर तिथं शून्य.
ज्याच्या घरात काही नाही
त्याच्याकडं उसनं मागायचं कसं?
ती इथंच थांबलीय. खोडलंय, पुन्हा खोडलंय,
कागदाला भोक पडलंय.
मीही इथंच थांबले होते, वेगळ्या शाळेत,
मान खाली घालून, कुणाला न विचारता.

शून्याच्या पलीकडं सात आहे.
तिथवर जाऊन यायचं असतं,
हे मला आज कळतंय, साडेअकरा वाजता.

उत्तर लिहिलंय, पेन्सिलीनं, फिकट.
मागं उत्तरांची पानं आहेत, ती उघडली नाहीत.
सकाळी आर्जवी तपासेल.